दोन दूरच्या शहरांमधलं अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ: हे आकडे ठरतात कसे

टोकियोपासून न्यूयॉर्क किती लांब आहे? जगाच्या सपाट नकाशावर पॅसिफिकमधून सरळ रेघ ओढली आणि त्याच रेघेवरून गेलं, तर सुमारे १२,८०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर १०,८५०. आणि एखाद्या दिवशी विमान प्रत्यक्षात ज्या वाटेनं गेलं ती मोजली, तर ११,३०० सुद्धा भरू शकते. वेळेचीही तीच गत. जाताना साडेबारा-तेरा तास, परतताना चौदाच्या आसपास, आणि नुसतं स्थानिक घड्याळ बघितलं तर विमान निघायच्या आधीच पोचलेलं.

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ दाखवणारी साधनं यातला एकच आकडा देतात. बहुतेक वेळा ती गोलावरचं अंतर घेतात, त्याला ८०० ते ९०० किलोमीटर प्रतितास अशा एका ठरावीक वेगानं भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. जवळच्या शहरांसाठी हे चालून जातं. लांबच्या प्रवासात मात्र उत्तर सहज तासा-दीड तासानं चुकतं. ते का चुकतं हे एकदा समजलं की कागद-पेन्सिल घेऊन त्याहून चांगला अंदाज स्वतःच काढता येतो.

नकाशावरची सरळ रेघ सर्वांत जवळची का नाही

भिंतीवर लावलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. या पद्धतीत सगळी रेखावृत्तं एकमेकांना समांतर काढलेली असतात. खरं तर ती ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. त्यामुळे नकाशा ध्रुवाकडे ताणला जातो: ६० अंश अक्षांशावर प्रत्येक अंतर विषुववृत्ताच्या मानानं दुप्पट दिसतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. या नकाशावरची सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेलेली वाट. शिडाच्या जहाजांच्या काळात तिचा मोठा उपयोग होता, पण ती सर्वांत जवळची वाट नव्हे.

गोलावर सर्वांत जवळची वाट काढायची तर दोन्ही शहरं आणि पृथ्वीचं केंद्र या तीन बिंदूंतून जाणारा एक सपाट काप कल्पावा. तो काप पृष्ठभागाला जिथं छेदतो ते बृहद्‌वृत्त. टोकियो ३५.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, न्यूयॉर्क ४०.७ वर. दोन्ही जवळपास एकाच पट्ट्यात, म्हणून विमान सरळ पूर्वेला जात असेल असं वाटतं. पण यांना जोडणारं बृहद्‌वृत्त टोकियोहून उत्तर-ईशान्येला निघतं, अलास्काच्या उत्तरेला जवळजवळ ७० अंशांपर्यंत चढतं आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतं. सपाट नकाशावर ही वाट मोठी कमान दिसते, पण सरळ रेघेपेक्षा ती सुमारे १,९५० किलोमीटरनं कमी आहे. म्हणजे दोन तासांहून जास्त उड्डाण वाचतं.

हिशेब हातानं करता येतो. दोन्ही अक्षांशांच्या साइन किमतींचा गुणाकार करा. दुसरीकडे दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन किमती आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन किंमत, या तिन्हींचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये होणाऱ्या कोनाची कोसाइन किंमत. टोकियोचा रेखांश १३९.७ पूर्व, न्यूयॉर्कचा ७४.० पश्चिम, म्हणून फरक २१३.७, किंवा दुसऱ्या बाजूनं १४६.३ अंश. पहिला गुणाकार ०.३८०५ येतो, दुसरा उणे ०.५१२२. बेरीज उणे ०.१३१७. त्याचा कोन ९७.५७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, तेव्हा अंतर झालं १०,८५० किलोमीटर.

चुकायच्या जागा दोन. पश्चिम रेखांश ऋण धरायचा असतो. हे विसरून १३९.७ मधून ७४ वजा केले तर फरक ६५.७ येतो आणि उत्तर सुमारे ५,६०० किलोमीटर, म्हणजे अर्धंच. दुसरी चूक स्प्रेडशीटमध्ये होते: तिथली साइन-कोसाइनची फंक्शनं कोन अंशांत नव्हे, रेडियन या दुसऱ्या एककात मागतात. अंश तसेच टाकले तर उत्तर काहीच्या काही येतं, आणि कधी कधी ते खरं वाटण्याजोगंही असतं, म्हणून जास्त धोक्याचं.

पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे वरच्या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते, म्हणजे या प्रवासात फार तर ५० किलोमीटर किंवा तीन-साडेतीन मिनिटं. अचूक कामासाठी डब्ल्यूजीएस-८४ हा चपट्या पृथ्वीचा नमुना वापरतात. आपल्या अंदाजाला त्याची गरज नाही. त्यापेक्षा अंतर शहराच्या मध्यापासून मोजलंय की विमानतळापासून, हे बघणं महत्त्वाचं. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर आहे.

एककांबद्दलही सावध राहावं. विमानचालनात अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ते पृथ्वीवरच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं आहे. म्हणून वरच्या कोनाला ६० नं गुणलं की थेट ५,८५४ सागरी मैल मिळतात. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसतं ‘मैल’ लिहिलेला आकडा घेतला आणि चुकीचा मैल धरला, तर १५ टक्क्यांची गफलत होते.

विमान त्या वाटेनं का जात नाही

सर्वांत जवळची वाट कळली तरी ती मोकळी असेलच असं नाही. हेलसिंकी ते टोकियो हे याचं ठळक उदाहरण. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत ही विमानं सायबेरियावरून जात आणि साडेनऊ तासांच्या आसपास पोचत. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशिया आणि युरोपीय देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं. तेव्हापासून हेलसिंकीहून निघणारं विमान एक तर उत्तर ध्रुवाच्या बाजूनं वळसा घालतं, नाहीतर दक्षिणेकडून मध्य आशियावरून जातं, आणि प्रवास सुमारे १३ तासांवर गेला आहे. दोन शहरांमधलं अंतर एका मीटरनंही वाढलेलं नाही.

डोंगरही आड येतात. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते २० मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठारावर जमीनच १४-१५ हजार फुटांवर आहे, शिखरं त्याहून वर. म्हणून आशियातल्या बऱ्याच वाटा या पठाराला वळसा घालतात. ज्या विमानांना वरून जायचं असतं त्यांना जास्त ऑक्सिजन आणि अडचणीत पठाराबाहेर पडायला आधीच आखून ठेवलेल्या वाटा लागतात.

समुद्रावर वेगळा नियम लागतो. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर उतरता आलं पाहिजे. मूळ मर्यादा ६० मिनिटांची होती. विमानाचा प्रकार आणि कंपनीची तयारी बघून ती वाढवून मिळते. १८० मिनिटं आता सर्रास आहेत, आणि एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. उत्तर गोलार्धात याचा फार अडथळा होत नाही, कारण अलास्का, आइसलंड, ग्रीनलंड अशी उतरायची ठिकाणं वाटेत सापडतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये, सिडनी ते सँटियागोसारख्या प्रवासात, ही मर्यादाच वाट ठरवते. तिथं अंटार्क्टिकाच्या जवळून जाणारी वाट सर्वांत छोटी असली, तरी उतरायला जागा नाही.

उत्तर अटलांटिकवरून तर रोज नवे ‘रस्ते’ आखले जातात. ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर, ही दोन नियंत्रण केंद्रं त्या दिवसाचा वारा बघून समांतर मार्गांचा संच जाहीर करतात: एक दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, एक रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. लंडन-न्यूयॉर्क गोलावरचं अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे, पण सोमवारची आणि मंगळवारची वाट शेकडो किलोमीटर उत्तर-दक्षिण सरकलेली असू शकते.

देशांच्या आकाशातून जायचं शुल्क असतं, वादळं असतात, ज्वालामुखीची राख असते. या सगळ्यामुळे प्रत्यक्ष वाट गोलावरच्या अंतरापेक्षा बहुधा ३ ते ५ टक्क्यांनी लांब पडते.

वारा: सगळ्या गणिताचं मूळ

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नाही. वाहत्या नदीत वल्हवलेली नाव जशी प्रवाहाबरोबर झपाट्यानं आणि उलट दिशेला कष्टानं जाते, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथला प्रवाह ताशी २०० किलोमीटरचा असू शकतो.

९ ते १२ किलोमीटर उंचीवर, नेमकी जेट विमानं उडतात तिथं, दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे असतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांतल्या फरकामुळे ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वारेही जोर धरतात. जपानच्या पूर्वेला पॅसिफिकवर हिवाळ्यात जगातले अतिशय वेगवान जेट स्ट्रीम असतात.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून ती ‘समोर येते’ आणि वेळ वाचतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही होत नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि हवेत असलेलं विमानही. प्रत्यक्षात तर उलटच दिसतं: मध्य अक्षांशांत पश्चिमेचा प्रवासच लांबतो. आणि पूर्व-पश्चिम सरक फारशी नसलेल्या मार्गावर, उदाहरणार्थ लंडन ते जोहान्सबर्ग, जाणं आणि येणं दोन्ही साधारण ११ तासांचं पडतं.

आता एका गोष्टीकडे जरा बारकाईनं बघू. समजा टोकियोहून न्यूयॉर्कला जायचंय आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे. उत्तरेकडच्या जवळच्या वाटेवर अंतर १०,८५० आणि पाठीमागचा वारा सरासरी फक्त २०. जमिनीवरचा वेग ९२०, वेळ ११ तास ४८ मिनिटं. दक्षिणेकडून जेट स्ट्रीम पकडणाऱ्या वाटेवर अंतर ११,३००, पण वारा सरासरी ८०. जमिनीवरचा वेग ९८०, वेळ ११ तास ३२ मिनिटं. साडेचारशे किलोमीटर जास्त जाऊनही विमान १६ मिनिटं आधी पोचलं, आणि इंधनही वाचलं. परतताना याच्या उलट: विमान जेट स्ट्रीम टाळून उत्तरेला अलास्काकडून जातं. उड्डाणाची आखणी करणारे डिस्पॅचर म्हणूनच जमिनीवरचं अंतर कमीत कमी करत बसत नाहीत. विमानाला हवेतून किती कापावं लागेल, ते अंतर कमी करतात.

जाताना मिळालेला फायदा येताना भरून निघतो का? नाही. ५,४०० किलोमीटरचा प्रवास, वेग ९०० आणि वारा १०० धरा. पाठीमागच्या वाऱ्यानं ५ तास २४ मिनिटं, समोरच्या वाऱ्यात ६ तास ४५ मिनिटं, एकूण १२ तास ९ मिनिटं. वारा नसता तर १२ तास. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा असतो. आडवा वाराही फुकट जात नाही. त्यात वाहून जाऊ नये म्हणून विमानाचं नाक वाऱ्याकडे थोडं वळवून उडावं लागतं आणि पुढचा वेग किंचित घटतो. १०० च्या आडव्या वाऱ्यात ९०० चा वेग ८९४ होतो.

वारा कुठवर मदत करू शकतो याचं उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीतलं. अटलांटिकवर सियारा वादळ होतं, तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हा आकडा ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वाटतो, पण विमानानं ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. आजूबाजूची हवाच इतक्या जोरात पळत होती.

मग विमान स्वतः किती वेगानं जातं

३६,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असतं. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो, आणि तिथं तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटर आहे. समुद्रसपाटीवर तो १,२२५ असतो. मोठी लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५०, या वेगाच्या ०.८५ पट वेगानं उडतात, याला मॅक ०.८५ म्हणतात. म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर. लहान ए३२० किंवा ७३७ मॅक ०.७८ च्या आसपास, ताशी ८३० ला. सगळ्या प्रवासांना एकच वेग लावणारी साधनं इथंच चुकतात.

याहून वेगानं का नाही? मॅक १ जवळ येऊ लागलं की पंखावरच्या हवेचा काही भाग ध्वनीच्या वेगापलीकडे जातो, धक्कालहरी तयार होतात आणि हवेचा अवरोध एकदम वाढतो. कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानानं ती भिंत ओलांडली होती. १९९६ च्या फेब्रुवारीत ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत आलं. पण त्याला लागणारं इंधन परवडण्यापलीकडचं होतं, आणि २००३ मध्ये ते थांबलं. आजची विमानं १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या बोइंग ७०७ पेक्षा वेगवान नाहीत, काटकसरी आहेत.

वेग त्या दिवशीच्या गरजेनुसारही बदलतो. विमानाच्या संगणकात ‘कॉस्ट इंडेक्स’ नावाचा एक आकडा भरतात. तो वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं प्रमाण सांगतो. आकडा मोठा ठेवला तर विमान जरा वेगानं आणि जास्त इंधन जाळत जातं. उशीर झालेला असतो तेव्हा असं करतात, पण त्यातून फार मिळत नाही. मॅक ०.८४ ऐवजी ०.८५ नं गेलं, तर दहा तासांच्या उड्डाणात जेमतेम सात मिनिटं वाचतात. तासाभराचा उशीर ‘वर जाऊन भरून काढू’ हे लांबच्या प्रवासातसुद्धा क्वचितच जमतं. वेळेवर पोचलं तर त्याचं कारण बहुधा वेळापत्रकातच ठेवलेली सूट असते; ती पुढच्या भागात बघू.

गेटपासून गेटपर्यंत

तिकिटावर छापलेला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो. तो ‘ब्लॉक टाइम’ असतो: विमान गेटवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटला उभं राहीपर्यंत. म्हणूनच तिकिटावर १२ तास ५५ मिनिटं असतात आणि वैमानिक ‘आपला उड्डाणाचा वेळ ११ तास ५५ मिनिटं’ असं सांगतो. यात कोणी चुकलेलं नाही.

मधला तास कुठे जातो? मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत जायला १५ ते २५ मिनिटं, उतरल्यावर गेटपर्यंत ५ ते १५. बाकीचा भाग मुद्दाम ठेवलेली सूट. रांग लागेल, बर्फ काढावा लागेल, उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागतील, हे धरून कंपन्या वेळापत्रक सैल ठेवतात. लंडनच्या हीथ्रोभोवती विमानांना थांबवून ठेवायच्या चार ठरलेल्या जागा आहेत, आणि तिथली एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. चार फेऱ्या झाल्या की पाव तास गेला. विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं ते या सुटीमुळे.

चढताना आणि उतरतानाही सरासरी वेग घटतो. ३५,००० फुटांवर जायला २० ते २५ मिनिटं आणि २०० ते २५० किलोमीटर लागतात. उतरायला सुरुवात मुक्कामाच्या सुमारे २०० किलोमीटर आधीच होते. वैमानिकांचा साधा हिशेब असा: दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल, म्हणजे ३८,००० फुटांवरून ११४ सागरी मैल. १०,००० फुटांखाली बऱ्याच देशांत २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची किंवा ४६३ किलोमीटरची, वेगमर्यादा आहे. छोट्या प्रवासात यातच निम्मा वेळ जातो. बारा तासांच्या प्रवासात हे जाणवत नाही.

किती लांबवर थेट जाता येतं

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, तेव्हा कुठलीही दोन शहरं २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. सध्याच्या लांब थेट सेवांमध्ये सिंगापूर-न्यूयॉर्क सगळ्यांत पुढे आहे. गोलावर सुमारे १५,३५० किलोमीटर, साधारण साडेअठरा तास, आणि त्यासाठी ए३५० चा जास्त पल्ल्याचा खास प्रकार वापरला जातो. पर्थ-लंडन सुमारे १४,५०० किलोमीटर, २०१८ पासून. सिडनी-लंडन सुमारे १७,००० किलोमीटर आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं त्यासाठी खास ए३५०-१००० विमानं मागवली आहेत.

अडचण टाकीच्या आकाराची नाही, वजनाची आहे. पल्ला वाढवायला जास्त इंधन घ्यायचं, ते वाहून न्यायला आणखी इंधन. जादा घेतलेल्या इंधनापैकी दर तासाला अंदाजे ३ ते ४ टक्के केवळ ते वाहून नेण्यातच जळतं, म्हणजे पंधरा तासांनी त्यातलं जवळजवळ निम्मं गेलेलं असतं. शिवाय राखीव साठा वेगळा: वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी, मुक्कामाचा विमानतळ बंद मिळाला तर दुसऱ्यापर्यंत जायला, आणि त्यावर आणखी किमान ३० मिनिटं हवेत राहण्यासाठी. म्हणून समोरचा वारा फार जोराचा असला की कंपन्या काही जागा किंवा माल मागे ठेवतात, नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरतात. विमान जड असताना लगेच फार उंच जाऊही शकत नाही. ते ३१-३३ हजार फुटांवर सुरुवात करतं आणि इंधन जळून हलकं होईल तसं पायऱ्यापायऱ्यांनी ३९ हजारांपर्यंत चढतं.

घड्याळाचा घोळ

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या शहराची असते, पोचायची वेळ पोचायच्या शहराची. एकातून दुसरी वजा करून प्रवासाचा वेळ कधीच काढू नये. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाण वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, आणाव्यात.

टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे, न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे. टोकियोहून सकाळी ११ ला निघालं तर यूटीसी पहाटे २. त्यात १३ तास मिळवले की दुपारी ३, म्हणजे न्यूयॉर्कला त्याच तारखेचे सकाळचे १०. कागदावर विमान निघण्याच्या एक तास आधी पोचलं. परत येताना न्यूयॉर्कहून दुपारी १ ला निघालं तर यूटीसी संध्याकाळचे ६. सव्वाचौदा तासांनी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ८.१५, म्हणजे टोकियोत दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५.१५. वेळापत्रकात अशा वेळेपुढे बारीक ‘+१’ छापलेलं असतं. ते नजरेतून सुटतं आणि हॉटेलचं आरक्षण एक दिवस आधीचं होतं. ही चूक फार जणांकडून होते.

उन्हाळी वेळ हा दुसरा सापळा. जपान घड्याळं बदलत नाही, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती तासभर पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. म्हणजे टोकियो-न्यूयॉर्क फरक कधी १४ तास, कधी १३. युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा लंडन-न्यूयॉर्क फरक नेहमीच्या ५ ऐवजी ४ तासांचा असतो. त्या दिवसांत तिकिटाच्या वेळा वेगळ्या दिसल्या तरी विमान तितकाच वेळ उडतं.

स्वतः अंदाज काढायचा असेल तर

गोलावरच्या अंतरात ४ टक्के मिळवा. मोठ्या विमानासाठी ९०० नं, लहानासाठी ८३० नं भागा. मध्य अक्षांशांतला पूर्वेचा प्रवास असेल तर उत्तर ५ टक्के कमी करा, पश्चिमेचा असेल तर ७ टक्के वाढवा. उत्तर-दक्षिण असेल तर तसंच ठेवा. शेवटी ४० मिनिटं मिळवा. टोकियो-न्यूयॉर्कला हे लावलं तर जाताना १२ तास ३५ मिनिटं आणि परतताना १४ तास ५ मिनिटं येतात, वेळापत्रकाच्या अगदी जवळ. वाटेत बंद आकाश असेल तर मात्र हा ठोकताळा उपयोगाचा नाही. तिथं प्रत्यक्ष वेळापत्रकच बघावं.

मध्ये थांबा असेल तर तो मूळ वाटेपासून किती बाजूला आहे ते आधी बघा. टोकियोहून लॉस एंजेलिसमार्गे न्यूयॉर्कला गेलं तर ८,८०० आणि ४,००० मिळून १२,८०० किलोमीटर होतात. थेट अंतरापेक्षा सुमारे दोन हजार जास्त, वर दुसरा चढ-उतार आणि थांब्याचे तास. दुबईमार्गे गेलं तर अंतर १९,००० च्या घरात जातं. ‘एक थांबा’ दोन्हीकडे लिहिलेलं असतं, प्रवासात मात्र कितीतरी तासांचा फरक पडू शकतो. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे विमान मध्ये कुठेच उतरत नाही. ‘डायरेक्ट’ म्हणजे फक्त फ्लाइट नंबर तोच राहतो, मध्ये उतरून तास-दीड तास थांबावं लागू शकतं. आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढून जोडलेला प्रवास असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, सामानही बाहेर येऊन पुन्हा सोपवावं लागतं. अशा जोडणीत आंतरराष्ट्रीय विमानतळावर किमान चार तास मोकळे ठेवावेत. दुसऱ्या विमानाचा चेक-इन काउंटर निघण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, हे त्या चार तासांतूनच वजा करायचं असतं.